फुफ्फुसातला रक्तप्रवाह कॉन्ट्रास्ट एमआरआयने मोजायचा कसा: सुईपासून आकड्यापर्यंत

फुफ्फुसाचा परफ्युजन (ऊतीतल्या रक्तपुरवठ्याचा) एमआरआय करणं ही एक गोष्ट आणि त्यातून रक्तप्रवाह मोजणं ही दुसरी गोष्ट, आणि बरेच जण या दोन्हीत गल्लत करतात. पहिली तशी सोपी आहे, शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्रात रक्त उजळवणारं औषध) सोडायचा, भराभर चित्रं घ्यायची, कुठला भाग उजळला आणि कुठला काळा राहिला ते बघायचं. जुन्या गुठळ्यांनी बंद झालेला भाग पाचरीसारखा काळा दिसतो आणि त्यासाठी आकड्याची गरज पण नसते. दुसरी गोष्ट म्हणजे १०० मिली फुफ्फुसातून मिनिटाला किती मिली रक्त जातंय ते सांगणं. इथे घोळ असा की सॉफ्टवेअर बटण दाबलं की रंगीत नकाशा देतंच, चुकीच्या डेटावरही देतं, आणि तो नकाशा तितकाच सुंदर दिसतो. त्यामुळे या लेखात मी सगळ्यात जास्त वेळ मुख्य फुफ्फुस धमनीच्या कर्व्हवर, म्हणजे तिच्यात कॉन्ट्रास्ट वेळेनुसार कसा चढतो-उतरतो त्या आलेखावर, घालवणार आहे, कारण आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

आधी फुफ्फुस असं का वागतं ते

एमआरआयला सिग्नल मिळतो पाण्यातल्या प्रोटॉनपासून आणि फुफ्फुसात बहुतेक हवाच. एक मिली फुफ्फुसात ऊती आणि रक्त मिळून साधारण पाव ग्रॅम माल, खोल श्वास घेतला की अजून कमी. त्यात हवा आणि ऊती यांच्या लाखो सीमा, प्रत्येक सीमेवर चुंबकीय क्षेत्र थोडं वाकडं होतं, आणि सिग्नल १.५ टेस्लावर (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) एक-दोन मिलिसेकंदात विरून जातो. ३ टेस्लावर त्याहून लवकर. म्हणून या कामाला १.५ टेस्ला मशीन असेल तर तेच घ्या, ३ टेस्ला म्हणजे नेहमी चांगलं हे फुफ्फुसाच्या बाबतीत खरं नाही.

दुसरी अडचण वेगाची. मेंदू किंवा लिव्हरच्या परफ्युजनची सवय असलेल्या माणसाला फुफ्फुसाचा वेग झेपत नाही सुरुवातीला, कारण इथे हृदयाचं सगळंच्या सगळं रक्त दर मिनिटाला जातं आणि एखादा थेंब धमनीतून शिरून शिरेतून बाहेर पडायला चार-पाच सेकंदच घेतो. तेवढ्यात तुम्हाला पूर्ण छातीची अनेक चित्रं हवीत.

१९९६ मध्ये हिरोतो हाताबू आणि सहकाऱ्यांनी अगदी छोटा टीई (सिग्नल वाचेपर्यंतचा वेळ) वापरून फुफ्फुसाचं परफ्युजन कॉन्ट्रास्टने दाखवलं, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे, मशीन वेगवान झाली एवढंच. गणित तर त्याहून जुनं, मायर आणि झिअर्लर यांचं १९५४ चं.

पेशंट टेबलावर जायच्या आधी

किडनीची चौकशी पहिली. कॉन्ट्रास्टमधल्या गॅडोलिनियम धातूचा आणि नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिसचा (त्वचा आणि अवयव कडक होण्याचा आजार) संबंध २००६ मध्ये समोर आला, त्यामुळे ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल, डायलिसिस चालू असेल किंवा किडनी अचानक बिघडलेली असेल तर रेडिओलॉजिस्टशी बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. कॉन्ट्रास्ट मॅक्रोसायक्लिक प्रकारचा घ्या, म्हणजे गॅडोब्युट्रॉल किंवा गॅडोटेरेटसारखा, यात गॅडोलिनियम पिंजऱ्यात घट्ट धरलेलं असतं. लिनिअर प्रकारात ते सैल धरलेलं असतं, आणि ते मेंदूत साचतं असं दिसल्यावर युरोपच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये बऱ्याच लिनिअर कॉन्ट्रास्टवर बंदी किंवा मर्यादा आणली. गरोदरपणात अगदी टळतच नसेल तरच.

कॅन्युला उजव्या हाताच्या कोपराच्या खळीत, २० गेज किंवा जाड. उजवाच का, तर डाव्या हाताकडून येणारी शीर छातीच्या मध्यातून आडवी जाते, रस्ता लांब पडतो, कॉन्ट्रास्टची लाट पसरते आणि त्या शिरेत दाट कॉन्ट्रास्ट साचला की आजूबाजूचं चित्रही बिघडतं. तळहाताच्या मागची बारीक शीर चालणार नाही, ४ मिली प्रति सेकंद वेगाने सोडायचंय.

आता श्वास. याच्यावर पाच मिनिटं खर्च करा, ती पाच मिनिटं नंतर तासभर वाचवतात. "मोठा श्वास घ्या आणि धरा" असं सांगितलं की माणूस छाती फुगवतो, घसा बंद करतो आणि जोर लावतो. जोर लावला की छातीतला दाब वाढतो, हातातून येणारं रक्त अडतं, मग ढील पडली की पोटाकडून बिनकॉन्ट्रास्टचं रक्त धावत येऊन मिसळतं. धमनीच्या कर्व्हला दोन टेकाडं दिसली की समजा हेच झालंय, आणि त्या स्कॅनमधून आकडा काढायचा नाही. त्यापेक्षा नेहमीसारखा श्वास सोडायला सांगा आणि सोडलेल्या अवस्थेतच शांत थांबायला सांगा, तोंड किंचित उघडं ठेवून. टेबलावर झोपवून दोन वेळा तालीम घ्या आणि पोटावर हात ठेवून बघा की खरंच थांबतोय का. हेही सांगा की हातात गार वाटेल, दचकू नका, कारण नेमक्या त्या क्षणी लोक दचकून श्वास घेतात. २० सेकंद न जमणाऱ्याला सांगायचं, जमेल तेवढं धरा आणि मग हळूच उथळ श्वास घ्या, एकदम मोठा नको.

श्वास सोडून की घेऊन, हे एकदा ठरवलं की बदलायचं नाही. कारण बघा, हृदयातून मिनिटाला ५.४ लिटर रक्त जातंय असं धरा. खोल श्वासात फुफ्फुस ५.४ लिटरचं असेल तर सरासरी येते १०० मिली प्रति १०० मिली प्रति मिनिट. मध्यम श्वासात ३.६ लिटर असेल तर १५०. श्वास सोडल्यावर २.४ लिटर असेल तर २२५. माणूस तोच, हृदय तेच, रक्त तेवढंच, आणि आकडा दुपटीहून जास्त बदलला. सहा महिन्यांनी परत स्कॅन करून "प्रवाह सुधारला" असं लिहिण्याआधी दोन्ही वेळी श्वास कसा होता ते बघितलं नसेल तर त्या वाक्याला अर्थ नाही.

डोस, आणि इथेच का सांभाळायचं

अँजिओग्राफी चांगली दिसावी म्हणून जो डोस देतात तो मोजमापाला जास्त होतो. ०.०५ मिलिमोल प्रति किलो पुरतो, काही जण त्याहूनही कमी देतात. ६० किलोच्या माणसाला ३ मिलिमोल, म्हणजे ०.५ मोलरचा कॉन्ट्रास्ट असेल तर ६ मिली. ४ मिली प्रति सेकंदाने दीड सेकंदात संपतो, मग लगेच त्याच वेगाने २० ते ३० मिली सलाईन. इंजेक्टर पाहिजेच, हाताने दाबून दर वेळी सारखा वेग येत नाही. कॉन्ट्रास्ट १ मोलरचा असेल तर ३ मिलीच लागेल, हे विसरून दुप्पट डोस जाण्याची चूक सहज होते, बाटलीवरचं लेबल दोन जणांनी वाचा.

आता हे ३ मिलिमोल फुफ्फुस धमनीत पोचतात तेव्हा काय होतं ते जवळून बघू. मिनिटाला ५.४ लिटर म्हणजे सेकंदाला ९० मिली. लाट सुमारे ६ सेकंदांची झाली तर ५४० मिली रक्तात ३ मिलिमोल, म्हणजे सरासरी साडेपाच मिलिमोल प्रति लिटर. एवढ्या प्रमाणात सिग्नल आणि कॉन्ट्रास्ट यांचं सरळ नातं राहत नाही. टीआर (दोन रेडिओ स्पंदांमधला वेळ) २.५ मिलिसेकंद आणि फ्लिप अँगल (प्रत्येक स्पंद प्रोटॉनना किती कलवतो तो कोन) ३० अंश धरून हिशोब केला तर धमनीचा सिग्नल सरळ रेषेने जिथे असायला हवा त्याच्या साधारण पाव भाग खाली बसतो. फुफ्फुसाच्या ऊतीत मात्र रक्त दहा-बारा टक्केच, तिथलं प्रमाण अर्ध्या-पाऊण मिलिमोलच्या आसपास, तिथे नातं सरळच आहे. म्हणजे धमनी कमी वाचली जाते आणि ऊती बरोबर वाचली जाते, आणि प्रवाह हा ऊतीला धमनीने भागून येतो, म्हणून आकडा फुगतो. धमनी पाव भाग कमी वाचली तर १५० चे २०० होतात. डोस दुप्पट केला तर अजून वाईट. रंगीत नकाशात यातलं काहीच दिसत नाही, सगळं फुफ्फुस छान लाल दिसतं.

उपाय तीन आहेत. एक, डोस कमी. दोन, फँटममध्ये (चाचणीच्या नळ्यांमध्ये) वेगवेगळ्या प्रमाणातला कॉन्ट्रास्ट भरून त्याच सिक्वेन्सवर (स्कॅनच्या ठरलेल्या सेटिंगवर) सिग्नल मोजायचा आणि तो तक्ता वापरून सिग्नलचं प्रमाणात रूपांतर करायचं. तीन, डबल बोलस, मला हा सगळ्यात भरवशाचा वाटतो: आधी डोसचा दहावा भाग सलाईनमध्ये मिसळून तेवढ्याच मिलीमध्ये तेवढ्याच वेगाने सोडायचा आणि धमनीचा कर्व्ह त्यातून घ्यायचा, मग पूर्ण डोस सोडून ऊतीचा कर्व्ह घ्यायचा, धमनीचा कर्व्ह दहाने गुणायचा. मिली आणि वेग सारखा ठेवायचा मुद्दा विसरू नका, नाहीतर दोन लाटांचा आकारच वेगळा होईल. तोटा एवढाच की श्वास दोनदा धरावा लागतो आणि दोन्ही वेळा सारखा धरावा लागतो.

स्कॅन

सिक्वेन्स म्हणजे थ्रीडी स्पॉइल्ड ग्रेडियंट एको, कोरोनल स्लॅब (छातीला समोरून समांतर काप), पुढून मागपर्यंत पूर्ण फुफ्फुस आलं पाहिजे. टीई १ मिलिसेकंदाच्या आत, टीआर २ ते ३, स्लाइस ५ मिलिमीटरच्या आसपास, एफओव्ही (चित्रात येणारं क्षेत्र) ४० ते ४५ सेंटिमीटर. फ्लिप अँगल २५ ते ३० ठेवा, फार कमी ठेवलात तर धमनी लवकर सॅचुरेट होते, म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढला तरी सिग्नल तेवढा वाढत नाही. पॅरलल इमेजिंग (अनेक कॉइल वापरून वेग वाढवणं) २ किंवा ३ पट. एक पूर्ण थ्रीडी चित्र सव्वा सेकंदाच्या आत यायला हवं, दीड म्हणजे शेवटची हद्द. बारीक चित्र हवं म्हणून वेळ वाढवू नका, ६ सेकंदांच्या लाटेवर सव्वा सेकंदाने पाच बिंदू पडतात, दोन सेकंदांनी तीनच, आणि तीन बिंदूत शिखर हुकलं तर धमनी पुन्हा कमी वाचली जाते आणि आकडा पुन्हा फुगतो.

व्ह्यू शेअरिंगवाल्या सिक्वेन्स कन्सोलवर एक सेकंदाचं चित्र दाखवतात पण त्यातला कच्च्या डेटाचा बाहेरचा, बारीक तपशिलाचा भाग शेजारच्या चित्रांकडून उसना असतो. कुठे गुठळी आहे ते बघायला उत्तम. मोजायला वापरायच्या असतील तर दर चित्रात नव्याने घेतला जाणारा कच्च्या डेटाचा मधला भाग पुरेसा मोठा ठेवा आणि उसना डेटा किती सेकंदांवर पसरलाय ते सेटिंगमध्ये उघडून बघा.

क्रम असा ठेवा: श्वास सोडायला लावा, थांबवा, आणि स्कॅन आणि इंजेक्टर एकाच वेळी सुरू करा. कॉन्ट्रास्ट धमनीत पोचायला ५ ते ८ सेकंद लागतात, तेवढ्यात चार-पाच कोरी चित्रं मिळतात आणि ती लागतातच, कारण सगळं पुढचं त्यांच्यातून वजा होणार आहे. हृदय अशक्त असेल तर कॉन्ट्रास्ट बराच उशिरा येतो, अशा वेळी आधी एक मिलीचा टेस्ट बोलस देऊन वेळ बघून घ्या. एकूण २० चित्रं, साधारण २४ सेकंद. यातले पहिले १६-१८ सेकंद खरे मोलाचे.

आणि त्याच बैठकीत एक फेज कॉन्ट्रास्ट स्कॅन (रक्ताचा वेग थेट मोजणारा) करून मुख्य फुफ्फुस धमनीतला प्रवाह मोजून ठेवा, उजव्या-डाव्या फांद्यांचाही. दोन-तीन मिनिटांचं काम आहे, कॉन्ट्रास्ट लागत नाही. शेवटी हिशोब जुळतो का ते याच्यावरच कळणार आहे.

पेशंट टेबलावरून उतरायच्या आत कन्सोलवर धमनीत एक आरओआय (मोजायचा छोटा भाग) टाकून कर्व्ह बघा. सपाट सुरुवात, एक शिखर, उतार. दोन टेकाडं किंवा शिखराच्या जागी सपाट पठार दिसलं तर काय बिघडलं ते तिथल्या तिथे कळतं. ही सवय लावून घ्या, दुसऱ्या दिवशी वर्कस्टेशनवर कळून काही उपयोग नसतो.

गणित, जमेल तेवढं सोप्या भाषेत

आधी चित्रं एकमेकांवर जुळवून घ्या, डायफ्रॅम शेवटी थोडा सरकलेला असतोच. मग कोऱ्या चित्रांची सरासरी वजा, मग सिग्नलचं प्रमाण.

धमनीचा आरओआय मुख्य फुफ्फुस धमनीच्या मधोमध, भिंतीपासून लांब, लहान. खूप मोठा काढला की कडेचं मिसळतं आणि कर्व्ह बुटका होतो. स्लॅबच्या अगदी कडेच्या स्लाइस टाळा, तिथे फ्लिप अँगल खरा तेवढा नसतो.

आता डीकन्व्होल्यूशन. नावाला घाबरू नका. धमनीतून कॉन्ट्रास्ट एकदम येत नाही, सहा सेकंद थोडा थोडा येतो. दर क्षणी आलेला थोडा कॉन्ट्रास्ट ऊतीत शिरतो, काही वेळ राहतो, निघून जातो. ऊतीत दिसणारा कर्व्ह म्हणजे या सगळ्या छोट्या छोट्या लाटांची बेरीज. आपल्याला हवं असतं ते उलटं: सगळा कॉन्ट्रास्ट एका क्षणात आला असता तर ऊतीत तो कसा राहिला आणि कसा ओसरला असता. हा ओसरता कर्व्ह काढला की त्याची सुरुवातीची उंची म्हणजे रक्तप्रवाह, पीबीएफ. उलटं गणित करायला एसव्हीडी (मॅट्रिक्स सोडवायची एक गणिती पद्धत) वापरतात, १९९६ मध्ये ऑस्टरगार्ड आणि सहकाऱ्यांनी मेंदूसाठी वापरलं ते इथेही चालतं. त्यात एक उंबरठा ठरवावा लागतो. फार खाली ठेवला तर नॉइजमुळे कर्व्ह लाटांसारखा वरखाली होतो, फार वर ठेवला तर सगळं गुळगुळीत होऊन प्रवाह कमी दिसतो, तोही जास्त प्रवाहाच्या जागी जास्त कमी. एकदा ठरवा, सगळ्या पेशंटना तोच ठेवा.

ऊतीच्या कर्व्हखालचं क्षेत्रफळ भागिले धमनीच्या कर्व्हखालचं क्षेत्रफळ म्हणजे रक्ताचं आयतन, पीबीव्ही. इथे पहिली फेरीच धरायची, कॉन्ट्रास्ट शरीरात फिरून परत येतो तो गॅमा फिटने (पहिल्या शिखराला बसवलेल्या गुळगुळीत कर्व्हने) कापून टाकायचा. आणि आयतन भागिले प्रवाह म्हणजे सरासरी मुक्काम, एमटीटी. उदाहरण घ्या, पीबीव्ही १२ मिली प्रति १०० मिली, पीबीएफ १५०: १२ भागिले १५० म्हणजे ०.०८ मिनिट, ४.८ सेकंद. पटण्यासारखं आहे.

काही सॉफ्टवेअर डीकन्व्होल्यूशन न करता कमाल चढ वापरतात, ऊतीचा सगळ्यात तीव्र चढ भागिले धमनीचं शिखर. ते धरून चालतात की चढ चालू असेपर्यंत शिरेतून काहीच बाहेर पडलेलं नाही. पाच सेकंदांत रक्त बाहेर पडणाऱ्या फुफ्फुसात हे धरता येत नाही, आकडा कमी येतो. डावं-उजवं तुलनेला चालेल.

हिमॅटोक्रिटचं (रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाचं) एक राहिलं. कॉन्ट्रास्ट प्लाझ्मात राहतो, लाल पेशींत जात नाही, आणि केशवाहिन्यांत लाल पेशींचं प्रमाण मोठ्या धमनीपेक्षा कमी. मोठ्यासाठी ०.४५ आणि बारीकसाठी ०.२५ धरलं तर आकडा ०.७३ ने गुणला जातो. कुणी गुणतं, कुणी नाही. दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत त्याचं एक कारण हे.

नकाशा आला, आता हिशोब जुळवा

मोठ्या वाहिन्या काढून सरासरी पीबीएफ घ्या, फुफ्फुसाच्या मोजलेल्या आयतनाने गुणा. १५० मिली प्रति १०० मिली आणि ३.६ लिटर म्हणजे मिनिटाला ५.४ लिटर. फेज कॉन्ट्रास्टवरचा आकडा याच्या आसपास आला तर ठीक. इथे ९ लिटर आले आणि तिथे ५.४, तर धमनी सॅचुरेट झालीय किंवा शिखर हुकलंय, परत कर्व्हकडे जा. मोठ्या वाहिन्या धरून पीबीव्ही पण तपासा, १२ टक्के आणि ३.६ लिटर म्हणजे ४३० मिली, मोठ्या माणसाच्या फुफ्फुसात एकूण रक्त साधारण अर्धा लिटर असतं त्याच्याशी हे जुळतं. उजव्या बाजूला निम्म्याहून थोडं जास्त, ५५ टक्क्यांच्या आसपास.

उताणं झोपलेल्या माणसात पाठीकडे प्रवाह जास्त आणि छातीकडे कमी, हा आजार नाही, गुरुत्वाकर्षण आहे. म्हणून दोन जागांची तुलना सारख्या उंचीवरच करा, पुढचा आरओआय मागच्याशी ताडून "कमी" लिहू नका.

काळा भाग दिसला की गुठळीच असं पण नाही. जिथे हवा पोचत नाही तिथे फुफ्फुस स्वतःच रक्तवाहिनी आवळतं, ऑयलर आणि लिलिएस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये दाखवलेली गोष्ट. सीओपीडी (श्वासनळ्या अडवणारा जुनाट आजार), सिस्टिक फायब्रोसिस, कफाने बंद झालेली नळी, सगळ्यांत रक्त कमी होतं. पाचरीच्या आकाराचा, फुफ्फुसाच्या कडेपर्यंत जाणारा, आणि हवा व्यवस्थित असलेला भाग असेल तर गुठळीचा संशय. एमफिसीमाचा (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या नष्ट होण्याचा) डाग बहुधा असा नीट कापल्यासारखा नसतो. त्यामुळे बाजूला सीटी किंवा व्हेंटिलेशनचं चित्र उघडं ठेवूनच वाचा.

कॉन्ट्रास्ट द्यायचाच नसेल तर श्वास आणि ठोक्यांबरोबर सिग्नल कसा बदलतो त्यावरून प्रवाह दाखवणाऱ्या पद्धती आहेत, फोरिअर डीकॉम्पोझिशन आणि प्रेफुल, मोकळ्या श्वासात होतात. लहान मुलांत आणि वारंवार स्कॅन लागणाऱ्यांत मी आधी त्यांचाच विचार करेन.

रिपोर्टमध्ये आकड्याच्या शेजारी हे लिहा: श्वास सोडून की घेऊन, फुफ्फुसाचं आयतन किती, डोस आणि वेग, एका चित्राला किती सेकंद, एसव्हीडीचा उंबरठा, हिमॅटोक्रिट दुरुस्ती केली की नाही, आणि फेज कॉन्ट्रास्टचा प्रवाह. धमनीच्या कर्व्हचं चित्र नकाशाच्या बाजूला चिकटवा. कच्ची चित्रं पण जपून ठेवा, नुसते नकाशे नाही, कारण पुढच्या स्कॅनच्या वेळी सॉफ्टवेअर बदललेलं असलं तर जुना डेटा नव्याने काढावा लागतो.